ऊर्फच्या दोन्ही बाजू

२ जानेवारी
नवी वही. जुन्या वहीत नोव्हेंबरनंतर काही लिहिले नाही, कारण लिहिण्यासारखे काही घडले नाही. रेजान त्र्वा-रिव्हिएर शहरात भाड्याच्या फ्लॅटमध्ये राहायला गेली, एवढेच. तात्पुरती. आमच्या घराला जिना आहे आणि तिचे गुडघे दुखतात. तिथे लिफ्ट आहे. (तिचा फ्लॅट तळमजल्यावर आहे. पण लिफ्ट आहे.)

भाडेकरार ३० जूनला संपतो. १ जुलैला आमचा अख्खा क्वेबेक घर बदलतो, रस्त्यावर माणसांपेक्षा गाद्या जास्त दिसतात. तेव्हा रेजान १ जुलैला घरी येणार. साधा हिशोब आहे. तसे तिने म्हटलेले नाही, पण नाही असेही म्हटलेले नाही.

संकल्प: वादबोंकर घराण्याचा इतिहास लिहायचा. फ्रान्समधल्या किल्ल्यापासून ते शांप्लें गावातल्या या स्वयंपाकघरापर्यंत. तीनशे पाने. ईस्टरपर्यंत कच्चा खर्डा. रेजान परत आली की पुस्तक तिच्या हातात ठेवायचे. बेचाळीस वर्षे आपण जे नाव लावले ते केवढे मोठे आहे हे एकदा तिला कळले की बाकीच्या गोष्टी आपोआप किरकोळ होतील.

दुसरा संकल्प: लोणी कमी.

तिच्या फ्लॅटच्या बेलखाली 'आर. बेर्तियो' अशी पट्टी आहे. बेर्तियो हे तिचे माहेरचे नाव. मुलीने, मारीझने, नाताळात ते मुद्दाम माझ्या लक्षात आणून दिले. पट्टी लहान आहे. फ्रेंचमध्ये वादबोंकर लिहायला बारा अक्षरे लागतात. मावलेच नसते.

८ जानेवारी, मंगळवार
चर्चच्या तळघरात दर मंगळवारी वंशावळ मंडळ भरते. मंडळ म्हणजे केसीबाई, एक हीटर आणि कॉफीचा थर्मास. मी बाईंना आधीच सांगितले की मला फक्त किल्ल्याची खात्री करून हवी आहे, बाकीचे माझ्याकडे तयार आहे.

बाईंनी विचारले, तुमचं ऊर्फ काय?

मी म्हटले, आमच्या घराण्याला ऊर्फ नाही. ऊर्फ पोलिसांच्या बातमीतल्या लोकांना असते.

बाई इतक्या हसल्या की चष्मा पुसावा लागला. मग सांगू लागल्या, मसिये, तुमचं नाव म्हणजे शिपायाचं टोपणनाव. तीनशे वर्षांपूर्वी राजाच्या पलटणीत भरती झाली की कप्तान प्रत्येकाला एक नाव चिकटवायचा. लाफ्लर, म्हणजे फूल. लादूसर, म्हणजे गोडवा. सांशाग्रें, म्हणजे ज्याला दुःख नाही. तुमचं वादबोंकर, आनंदानं जाणारा. आधी खरं आडनाव, मग ऊर्फ, मग टोपणनाव. नातवंडा-पतवंडांनी एकच अर्धं ठेवलं आणि दुसरं टाकलं. तुमचं टाकलेलं अर्धं कुठलं, ते शोधायचं.

मी नम्रपणे सांगितले की आनंदाने जाणारा म्हणजे हसत रणात जाणारा सरदार, हे उघड आहे, आणि सरदाराला अर्धे नाव नसते. बाई म्हणाल्या, कॉफी घ्या.

हुशार बाई आहे. पण दृष्टी नाही.

२० जानेवारी, रविवार
रेजानला फोन. दर रविवारी करतो. आज चाळीसेक मिनिटे बोललो आणि तिला ला रोशेल बंदरापर्यंत आणून सोडले. तिथून आमचा पूर्वज जहाजावर चढला. ती मध्ये मध्ये हं म्हणत होती. नोव्हेंबरात हं सुद्धा म्हणत नव्हती. प्रगती आहे.

विचारले, जेवतोस का नीट? काळजी आहे, हे स्पष्ट आहे.

गुरुवारी तिचे काहीतरी होते. ती सांगायला लागली आणि नेमके जहाज सुटत होते. पुढच्या रविवारी विचारीन. (वहीत टीप: गुरुवार?)

रात्री वाटाण्याचे सूप केले. तिच्यासारखे झाले नाही. वाटाणे जुने असावेत.

५ फेब्रुवारी, मंगळवार
पश्चिम फ्रान्समधल्या एका गावात आमच्या नावाशी मिळतेजुळते नाव असलेला पडका बुरूज आहे, असे मला इंटरनेटवर सापडले होते. तिथल्या नगरपालिकेचे उत्तर आले. बुरूज हा कबुतरखाना होता. वादबोंकर नावाचे कुटुंब त्या गावात कधीच नव्हते, आणि त्यांच्या माहितीप्रमाणे सबंध जिल्ह्यातही नव्हते.

केसीबाईंना दाखवले. म्हणाल्या, नसणारच. हे नाव तिकडून आलंच नाही. ते इथं येताना लागलं. फ्रान्समध्ये शोधून काय मिळणार?

माझे मत: सरकारी कर्मचारी सगळीकडे सारखेच. आळशी. किल्ल्याचे प्रकरण तूर्त बाजूला ठेवले आहे. 'कबुतरखाना' हा शब्दही पुस्तकात बसवता येईल. कबुतरे पाळण्याचा हक्क फक्त सरदारांना होता.

खर्डा: पान दोन.

१४ फेब्रुवारी
रेजानसाठी छोटे मासे घेऊन गेलो. ला पेराद गावात नदी गोठली की बर्फात भोके पाडून धरतात ते. तिला फार आवडतात. म्हणजे ती ते फार छान साफ करते. पिशवीभर गोठलेले मासे, वर लाल रिबन. बेल वाजवली, ती घरी नव्हती. पिशवी दाराला अडकवून आलो.

तिच्या बिल्डिंगच्या अंगणात एक लाल छोटी गाडी उभी होती. बर्फाच्या दोन ढिगांमध्ये, दोन्ही बाजूंना बरोबर सारखे अंतर, चाके सरळ. मी थांबून पाहत राहिलो. अशी पार्किंग आजकाल दिसत नाही. मी तीस वर्षे या भागातल्या लोकांना ड्रायव्हिंग शिकवले. कोणीतरी माझाच विद्यार्थी असणार.

पट्टी अजून तीच आहे.

२ मार्च
मारीझचा फोन. ती गाडी रेजानची आहे.

मारीझ म्हणाली, पपा, आईनं जानेवारीत टेस्ट दिली, गुरुवारी. पहिल्या फटक्यात पास. वर्षभर शिकत होती ती. तुला सांगितलं म्हणाली.

मला सांगितलेले नाही. सांगितले असते तर मी परवानगी दिली नसती. म्हणजे, सल्ला दिला असता. रेजान गाडी शिकायला तयार नाही हे माझे मत मी १९८१ पासून वेळोवेळी तपासून पाहिले आहे. हात चांगला आहे, पाय चांगला आहे, पण मागे बघताना तिची मान पुरेशी वळत नाही. आरशावर भागवते. मान वळली नाही तर गाडी शिकवण्यात अर्थ नाही, हे मी तिला दर काही वर्षांनी समजावून सांगत आलो. ती हं म्हणायची.

मारीझ म्हणाली, पपा, अख्ख्या परगण्याला तू गाडी शिकवलीस. त्या एकडोळ्या खाटकाला सुद्धा शिकवलीस.

खाटकाची मान उत्तम होती.

शिकवणारी कोण, तर एक तिशीतली पोरगी. आणि परीक्षक ढिला असणार, हिवाळ्यात त्यांना लवकर घरी जायचे असते. तरीही पार्किंग बघता हात माझाच दिसतो. बेचाळीस वर्षे शेजारच्या सीटवर बसली, काही उतरलेच असणार.

३१ मार्च
आज शेवटचा दिवस. भाडेकरूने आज घर सोडायची नोटीस दिली नाही तर करार आपोआप आणखी वर्षभर वाढतो. रेजानला दिवसभर फोन केला नाही. दबाव आणायचा नाही, हे ठरवले आहे. संध्याकाळी तीनदा रिसीव्हर उचलून परत ठेवला. एकदा लागला, तिने हॅलो म्हटले. मी ठेवून दिला. माझा नंबर तिला दिसतो हे नंतर लक्षात आले.

लोणी: संकल्प चालू आहे. आज अपवाद.

२० एप्रिल, ईस्टरचा शनिवार
आजचा दिवस लाल अक्षरांत लिहायला हवा, पण लाल पेन रेजानच्या शिवणाच्या डब्यात असायचे आणि तो डबा तिच्याकडे आहे.

केसीबाईंनी मंगळवारी सांगितले होते की जुने वादबोंकर बातिस्कांच्या चर्चमागे पुरलेले दिसतात, बर्फ वितळला की बघून या. बातिस्कां म्हणजे रेजानचे माहेर. तिचा भाऊ कॉनराड तिथेच राहतो, दफनभूमीतले गवत तोच कापतो. चिखलातून आत गेलो. कॉनराड बर्फाने पाडलेले क्रूस उभे करत होता. म्हणाला, या दाजी, जिवंतपणीच जागा बघायला आलात?

आणि नदीच्या बाजूच्या कोपऱ्यात, शेवाळ घासल्यावर, दगड:
'जोसेफ बेर्तियो ऊर्फ वादबोंकर'.

बेर्तियो ऊर्फ वादबोंकर. एकाच माणसाच्या डोक्याशी. रेजानचे नाव आणि माझे नाव, आणि मध्ये ते एवढेसे ऊर्फ.

मी खाली बसलो. चिखलातच.

कॉनराड म्हणाला, काय झालं? हे तुला माहीत नव्हतं? आमच्याकडं शेंबडं पोरसुद्धा जाणतं. या म्हाताऱ्याला दोन मुलगे. दोघांचं जे वाजलं ते वाजलंच. एकानं शेत धरलं आणि नावाचा पुढचा तुकडा ठेवला. दुसरा उठून गेला, मागचा तुकडा घेऊन. राहिले ते आम्ही बेर्तियो, गेले ते तुम्ही. तुमच्या लग्नात माझा काका काय म्हणाला आठवतं का? म्हणाला, दोनशे वर्षांनी हिशोब मिटला, पोरगी देऊन.

मला लग्नातले आठवत नाही. त्या दिवशी माझ्या गाडीच्या क्लचचा प्रॉब्लेम होता.

घरी येताना इतका आनंद झाला की रस्त्यात दोनदा गाडी बाजूला घ्यावी लागली. सगळे उलगडले. रेजानने माझे नाव सोडलेलेच नाही. ती नुसती ऊर्फच्या या बाजूची त्या बाजूला सरकली. एकाच नावात. एकाच ओळीत. ज्या नावातून बाहेर पडताच येत नाही, त्यातून ती बाहेर कशी पडेल?

खर्डा: पान चार. पण आता सगळे पुन्हा लिहावे लागेल. आनंदाने.

२१ एप्रिल, ईस्टर
रेजानला फोन करून दगडाचे सांगितले. सगळे, एका दमात. तिने नाक ओढल्यासारखा आवाज आला. मला वाटले रडते आहे.

मग म्हणाली, रोझेर, तो दगड मी तुला दाखवला होता. लग्नाच्या वर्षी. बाबांना भेटायला गेलो होतो तेव्हा. मी तुला हाताला धरून तिथपर्यंत नेलं आणि म्हटलं, बघ, आपण दोघं आधीपासून इथं आहोत.

मी विचारले, मग मी काय म्हणालो?

म्हणाली, तू म्हणालास, चल लवकर, मागे दुसरी गाडी येऊन लागली तर मला वळवायला जागा राहणार नाही.

हे काही आठवत नाही. रेजान फार हळू बोलते, हा तिचा पहिल्यापासूनचा दोष आहे. आणि बातिस्कांच्या चर्चसमोर गाडी वळवायला खरोखरच जागा नाही. काल सुद्धा त्रास झाला.

१४ मे, मंगळवार
सर्वात मोठी बातमी. मारीझकडून कळले, तिच्या तोंडून निसटले: आईने मार्चमध्ये नोटीस दिली. ३० जूनला फ्लॅट सोडते आहे.

मी फक्त हं म्हणालो. मारीझ म्हणाली, पपा, ऐक, आई तुझ्याशी स्वतः बोलणार आहे, तू आपल्या मनानं काही ठरवू नकोस. मी म्हटले, मी काही ठरवत नाही.

ठरवले: गॅरेजची डावी बाजू लाल गाडीला. माझी अवजारे, जुन्या ड्रायव्हिंग स्कूलचा बोर्ड, शिकवणीच्या गाडीचे सुटे काढलेले दुसरे ब्रेक पॅडल, सगळे तळघरात. स्वयंपाकघराला रंग. ती म्हणायची तसा पिवळा. तेव्हा मी पिवळ्याला विरोध का केला होता ते आठवत नाही.

एकच अडचण. आमच्या अंगणातून नदीकाठच्या रस्त्यावर मागे गाडी काढणे अवघड आहे. लायलॅकची झाडे आडवी येतात, गाडीतून रस्ता दिसतच नाही. कोणीतरी रस्त्यावर उभे राहून जा म्हणावे लागते. बेचाळीस वर्षे या घरातून कोणाचीही गाडी मी उभा राहिल्याशिवाय निघालेली नाही. रेजानसाठीही उभा राहीन. रोज सकाळी. तिला कुठे जायचे असेल तिथे.

२८ मे, मंगळवार
केसीबाईंना दगडाचा फोटो दिला. त्यांनी टाळ्या वाजवल्या, मंडळाला नुकताच मिळालेल्या दुसऱ्या सभासदानेही वाजवल्या. मग मी पुस्तकाचे पहिले वाक्य वाचून दाखवले: 'वादबोंकर, म्हणजे आनंदाने पुढे जातो तो.'

बाई म्हणाल्या, जातो असंही होतं. जा असंही होतं. आपल्या फ्रेंचमध्ये दोन्हीला एकच शब्द. 'वा.' कदाचित कप्तान शिपायाचं वर्णन करत असेल, कदाचित कोणीतरी त्याला निरोप देत असेल. आनंदानं जा, बाबा. आई असेल. बायको असेल. कोण सांगणार?

मी म्हटले, आडनाव म्हणजे आज्ञा कशी असेल?

बाई म्हणाल्या, तुम्हीच तर आयुष्यभर लोकांना शेजारी बसवून जा, जा म्हणत आलात. माझ्या बहिणीला तुम्ही शिकवलंत. ती म्हणते सिग्नल हिरवा झाला की तुम्ही जा म्हणायचात आणि पाय ब्रेकवर ठेवायचात.

सुरक्षिततेसाठी. पुस्तकात 'जातो' हेच राहील.

९ जून
२४ जूनला सेंट-जानचा सण. त्या दिवशी गावच्या हॉलमध्ये वादबोंकर मेळावा. जगभरातून. पत्रके अमेरिकेतही पाठवली, कारण माझ्या आजोबांचा भाऊ कापडगिरणीत कामाला म्हणून मेन राज्यात गेला आणि तिकडेच राहिला. भिंतीवर मोठा फलक: 'बेर्तियो ऊर्फ वादबोंकर'. तशीच एक लहान फ्रेम करून घेतली, अक्रोडाच्या लाकडाची. सर्वांसमोर रेजानच्या हातात द्यायची. पुस्तक वेळेत होईलसे दिसत नाही. पान सहा. पण फ्रेममध्ये पुस्तकाचे सार आले आहे.

शंभर खुर्च्या सांगितल्या. मारीझ म्हणाली, पपा, वीस सांग. ती नेहमी माझ्या आकड्यांना घाबरते.

२४ जून
मेळावा झाला.

वादबोंकर आडनावाचे तिघे आले, मी धरून. बेर्तियो मात्र ट्रॅक्टरभर आले. कॉनराडने बातिस्कांत सांगितले होते की दाजींकडे फुकट जेवण आहे. त्याने फलकाखाली उभे राहून सगळ्यांना सांगितले, आज जमीनवाल्यांनी पळपुट्यांना माफ केलं. लोक हसले. मीही हसलो.

अमेरिकेतून एक जोडपे आले. डेल बंकर आणि त्याची बायको. गिरणीच्या मुकादमाला माझ्या आजोबांच्या भावाचे नाव उच्चारता आले नाही, म्हणून त्याने शेवटचा तुकडा घेतला आणि तोही चुकीचा. बोंकरचे बंकर झाले. डेलला आपली भाषा येत नाही. फार सज्जन माणूस आहे. मी त्याला नावाचा अर्थ सांगायला गेलो, माझे इंग्रजी सिग्नल, ब्रेक आणि डावीकडे वळा यापुढे जात नाही. तो मान डोलवत राहिला. त्याच्या डोळ्यांत पाणी होते. कदाचित कॉनराडच्या दारूमुळे. तो सारखा फलकावरच्या त्या शब्दाकडे बघत होता आणि ओठांनी जुळवत होता.

रेजान आली. निळा ड्रेस. तूर्तिएर घेऊन आली. म्हणजे कणकेच्या पारीत मांस भरून भाजलेला आमचा सणाचा पदार्थ, मोठ्या भांड्यातला. केस कापले आहेत. मी फ्रेम दिली. माझे भाषण तयार होते, पण हॉलमध्ये कोणीतरी फिडल वाजवायला घेतले.

तिने फ्रेम वाचली. ऊर्फवर बोट फिरवले. म्हणाली, दोन्ही नावं एका चौकटीत छान दिसतात. मग माझ्या कॉलरवर सांडलेले काहीतरी पुसले आणि म्हणाली, रोझेर, मी पहिल्या तारखेला घरी येते.

मी पहिल्या तारखेला घरी येते. जसेच्या तसे लिहून ठेवतो.

त्यानंतरही ती काहीतरी बोलली, पण त्याच वेळी डेल बंकर मला मिठी मारायला आला आणि फिडल होतेच. महत्त्वाचे ते ऐकू आले.

३० जून
सगळे तयार. पिवळा रंग वाळला. गॅरेजची डावी बाजू धुऊन काढली. चादरी नव्या. दारावर नवी पट्टी ठोकली. लांब केली मुद्दाम, दोन्ही नावे मावतील अशी. तिचे आधी.

सूप केले. या वेळी वाटाणे रात्रभर भिजवले. तिच्यासारखे झाले आहे. जवळजवळ.

पाऊस नको उद्या. रस्ते निसरडे होतात आणि तिला अजून सवय नाही.

१ जुलै
सकाळी
ऊन आहे. गावात सगळीकडे गाद्या निघाल्या आहेत. मी रस्त्यावर जाऊन दोनदा बघून आलो. लाल गाडी अजून दिसत नाही.

संध्याकाळी
लाल गाडी नव्हती. ट्रक होता. भाड्याचा, पांढरा, मोठा. रेजान चालवत होती. शेजारी कॉनराड बसला होता, त्याने सीट घट्ट धरली होती. ती अंगणात आली, एकदाच पुढे-मागे केले आणि मागचे दार बरोबर पायऱ्यांशी लावले. मी समोर असताना, मला न विचारता.

ती बातिस्कांला राहायला चालली आहे, कॉनराडच्या घरी, माडीवर. मी म्हटले, तिथे जिना आहे. ती म्हणाली, हो, आहे.

म्हणाली, मेळाव्यात सांगितलं होतं ना रोझेर, की आईचं कपाट आणि मशीन न्यायला येते म्हणून. मी म्हटले, हो, सांगितलं होतंस.

कपाट, शिवणयंत्र, मागच्या खोलीतला पलंग. मी एका बाजूने धरले. कॉनराड म्हणाला, दाजी, कमरेनं नाही, गुडघ्यानं उचल. बाकी काही चेष्टा केली नाही त्याने. पट्टी त्याने वाचली होती. जाता-येता दारातून आत बघायचा, वर बघायचा नाही.

रेजान स्वयंपाकघरात उभी राहिली थोडा वेळ. म्हणाली, पिवळा छान दिसतो. सूप प्यायली, वाडगाभर, उभ्यानेच. म्हणाली, वाटाणे भिजवलेस. फ्रेम ट्रकमध्ये पुढे ठेवली आहे, दोन सीटच्या मध्ये. ती घेऊन चालली आहे, हे तिने मला मुद्दाम सांगितले.

मग ती चढली. लायलॅकमुळे तिला रस्ता दिसत नाही. कॉनराडने खिडकीतून म्हटले, दाजी, बघ रे जरा.

मी रस्त्यावर उभा राहिलो. गाड्या जात होत्या, सगळ्यांच्या टपांवर सामान. मग सरल्या. रस्ता मोकळा होता. तिकडे नदीच्या वळणापर्यंत मोकळा, इकडे चर्चपर्यंत मोकळा. ती आरशातून माझ्याकडे बघत होती. मी काही म्हणालो नाही. मग आणखी गाड्या आल्या. पुन्हा मोकळा झाला. तिने हॉर्न वाजवला नाही. इंजिन चालू ठेवून ती वाट बघत राहिली. कॉनराड काहीतरी म्हणायला लागला, तिने त्याच्या हातावर हात ठेवला. पुन्हा गाड्या आल्या. पुन्हा मोकळा झाला.

जा, म्हणालो. आवाज नीट निघाला नाही, म्हणून परत म्हणालो. आनंदानं जा.

मागे येताना तिने आरसा सोडला आणि खांद्यावरून मागे पाहिले. मान पूर्ण वळवली होती तिने.